मुलीला मेकॅनिकल नको, मुलाला आर्ट्स नको: हे नक्की ठरवतं कोण?

कोयनाकाठ (धागाकर्ती)

मी कराडजवळ एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. सीईटीचा निकाल लागला की पोरंपोरी आईबापांसकट ऑप्शन फॉर्मची यादी घेऊन समोर बसतात, कुठलं कॉलेज वर टाकू, कुठली ब्रांच खाली टाकू. बरीच वर्षं हे बघतेय आणि डोक्यात जे साठलंय ते आता इथे ओतते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधीच सांगते, मुली हुशार की मुलगे हा वाद इथे नको, तो बोर्डाने कधीच मिटवलाय. २०२५ च्या बारावीला राज्यात मुली ९४.५८ टक्के पास आणि मुलगे ८९.५१, त्याच्या आदल्या वर्षी ९५.४४ आणि ९१.६०. दर मे महिन्यात पेपरात "यंदाही मुलींचीच बाजी" आणि खाली पेढा भरवतानाचा फोटो. माझा प्रश्न पुढचा आहे, बाजी मारलेल्या ह्या मुली जूनमध्ये जातात कुठे?

मुलगी असेल तर यादी बहुतेक वेळा वडिलांच्या हातात असते. कॉलेजच्या नावापुढे पेन्सिलीने किलोमीटर लिहिलेले असतात, खरंच सांगते, कटऑफच्या आधी किलोमीटर. एसटीचा पास काढून जाऊन-येऊन होईल ती कॉलेजं वर, हॉस्टेल लागेल ती खाली, आणि मेकॅनिकल-सिव्हिलचा पत्ताच नाही. का नाही म्हणून विचारलं की वडील म्हणतात "मॅडम, तिलाच नको", आणि मुलगी मान डोलावते. मुलगा असेल तर यादी त्याच्याच मोबाईलमध्ये, वडील मागे उभे, आणि त्यांचा एकच प्रश्न, पॅकेज किती बसतं? पुणं असो की नागपूर, किलोमीटरचा विषयच निघत नाही. पण त्याच मुलाने मला बीए सायकॉलॉजी करायचंय किंवा नर्सिंग करायचंय म्हटलं की मागे उभे असलेले वडील खुर्ची ओढून पुढे बसतात.

'असर' ह्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या पोरांवर होता. पुढे काय काम करायचंय ह्यावर मुलग्यांची सगळ्यात जास्त उत्तरं आर्मी आणि पोलीस, दोन्ही १४ टक्क्यांच्या आसपास. मुलींची शिक्षिका आणि डॉक्टर, १६ आणि १५ च्या आसपास. त्याच अहवालात अकरावी-बारावीला सायन्ससारख्या शाखा घेणाऱ्या मुली २८ टक्के आणि मुलगे ३६. आमच्या वर्गातही मी चिठ्ठ्या लिहून घेते आणि नाव न बघता चिठ्ठी मुलाची की मुलीची हे मला जवळपास दरवेळी ओळखता येतं, अक्षरावरून नव्हे, काय लिहिलंय त्यावरून.

आता आमच्या कराडचंच उदाहरण. इथल्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या सुरेखा यादव १९८९ साली रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, आशियातली पहिली महिला ट्रेन ड्रायव्हर. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, सप्टेंबर २०२५ मध्ये रिटायर झाल्या. त्यांनाही मुळात गणित घेऊन बीएस्सी, मग बीएड करून शिक्षिकाच व्हायचं होतं, मधे रेल्वेचा फॉर्म भरला म्हणून गाडी दुसऱ्या रुळावर गेली. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुली टाळ्या वाजवतात आणि फॉर्ममध्ये आयटी टाकतात.

माझं मत असं की डोकं कोणाला जास्त हा गैरसमज घराघरात आता फारसा उरलेला नाही. अडतं ते हिशोबात. अंतर, हॉस्टेल, शिफ्ट, लग्नाचं वय. मुलग्यांचा हिशोबही तितकाच आवळलेला असतो, फक्त त्याबद्दल कोणी हळहळत नाही. तुमच्या घरात ब्रांच कोणी ठरवली ते लिहा. काय व्हायला पाहिजे ते नको, काय झालं ते लिहा.

चाकणकर_मेक

मॅडम राग मानू नका पण "तिलाच नको" हे बऱ्याचदा खरंच असतं हो. मी स्वतः मेकॅनिकल, चाकणला प्रॉडक्शनमध्ये आहे, ट्रेनी घेताना पॅनलवर असतो. आपल्याकडे इंजिनिअरिंगला ३० टक्के जागा मुलींना आहेत, कटऑफच्या पीडीएफमध्ये 'जी' (जनरल) आणि 'एल' (लेडीज) असे वेगळे कोड असतात ते सगळ्यांनी बघितलेत. कॉम्प्युटरच्या एल सीटसाठी मारामारी आणि मेकॅनिकलच्या एल सीट रिकाम्या राहून शेवटी मुलांकडे जातात. जागा आहे, फी माफी आहे, कोणी अडवलंय? ज्या मुली मेकॅनिकलला येतात त्यातल्या निम्म्या तिसऱ्या वर्षापासून कोडिंगचे क्लास लावतात. शॉपफ्लोअरला उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं ते मला विचारा, मलाच एसी ऑफिस हवंय.

स्नेहल_पी

@चाकणकर_मेक, मी त्याच पत्र्याखाली होते, म्हणून उत्तर देते.

२०११ ची मेकॅनिकल पासआऊट, वर्गात आम्ही इनमीन पाच मुली. कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीत ट्रेनी लागले, नाव घेत नाही. इंटरव्ह्यूला माझ्या आधीच्या मुलाला गिअर ट्रेनवर प्रश्न, मला "लग्नाचा काय विचार आहे, मिस्टर बाहेरगावचे असले तर?" हो, मिस्टर. तेव्हा मला मिस्टर नव्हते. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले तुम्ही ऑडिटच्या फाईली बघा, ऊन फार आहे. साहेब वाईट माणूस नव्हता हो, मुलीसारखं वागवायचा आणि तिथेच सगळी गोची होती. माझ्याबरोबरचे तिघे मेंटेनन्सला गेले. आता मशीन काही जनरल शिफ्ट बघून बंद पडत नाही, मोठे ब्रेकडाऊन थर्ड शिफ्टला व्हायचे, पोरं रात्रभर पॅनल उघडून बसायची आणि सकाळी हात काळे करून चहा पिताना एकमेकांना सांगायची की कुठला बेअरिंग गेला, कसा काढला. मी नऊला जायचे तोवर सगळं आवरलेलं असायचं आणि मला त्याचा रिपोर्ट टाईप करायला मिळायचा. रात्री थांबते म्हटलं तर एचआर कायदा दाखवायचं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायचं नाही असं होतं, आपल्या राज्यात अटी घालून परवानगी मिळाली ती मी नोकरी सोडल्यावर. अप्रेझलला मग "एक्सपोजर कमी पडतंय".

आणि टॉयलेट. लेडीज टॉयलेट ऍडमिन बिल्डिंगमध्ये, शेडच्या दुसऱ्या टोकाला, जाऊन यायला वीस मिनिटं. मी पाणी पिणं कमी केलं, मग व्हायचं ते झालं, दोनदा ऍडमिट. आता मी पण कोडिंगच करते, हिंजवडीला. तुमच्या हिशोबात मीही "तिलाच नको" मध्येच मोडणार ना?

बोरकूट

टॉयलेटच्या मुद्द्याला +१००. हे कुठल्याच करिअर गायडन्सच्या भाषणात येत नाही.

चाकणकर_मेक

स्नेहल, तुमचं सगळं मान्य, पण २०११ आणि आता ह्यात फरक आहे. पुण्यात टाटा मोटर्सची हॅरिअर-सफारीची अख्खी लाईन बायकांची आहे, २०२२ मध्येच हजारावर मुली होत्या तिथे. आमच्याकडेही असेंब्लीला मुली आहेत आणि एक सांगतो, टॉर्क मारण्यात, म्हणजे नट-बोल्ट ठरलेल्या जोराने आवळण्यात, पोरांपेक्षा रिजेक्शन कमी.

स्नेहल_पी

मग बघा ना, त्या मुली आल्याच ना? आयटीआय, डिप्लोमा, बारावी झालेल्या, लातूर-बीड-नांदेडकडून आलेल्या. का आल्या, तर दारापर्यंत बस, राहायची सोय, शेडमध्ये टॉयलेट. त्यांना अचानक मशीनची आवड लागली असं थोडंच आहे. सोय झाल्यावर आल्या म्हणजे आधी "नको" कशाला होतं ते कळलं की.

अण्णा_सोलापूर

नमस्कार. मी इथे फक्त वाचतो, आज लिहितो. माझं किराणा दुकान आहे. मोठी मुलगी बारावीला आहे, पर्सेंटाईल चांगला येईल असं तिचे सर म्हणतेत. ती इलेक्ट्रिकल म्हणतीय आणि मी नको म्हणतोय, म्हणजे मॅडमनी लिहिलेला पेन्सिलवाला बाप मीच असं समजा.

बघा, मला मुलीच्या डोक्याबद्दल काडीची शंका नाही, दुकानाची जीएसटी तीच भरतीय. पण पुण्याला ठेवायचं म्हणजे हॉस्टेल मिळंल का नाही ते माहीत नाही, नाही मिळालं तर पीजी, पीजीचे महिन्याचे आठ-दहा हजार, वर मेस. मुलाला मी चार पोरांत एका खोलीत ढकलीन, गादी टाकून झोपंल, मुलीला तसं ठेवता येतं का? म्हणजे मुलगी शिकवायला मुलापेक्षा जास्त खर्च येतोय आणि वर लग्नाचं वेगळं काढून ठेवायचं. शिकलेल्या मुलीला शिकलेला मुलगा पाहिजे, त्याचे बी रेट वाढलेत. हे बोलायला वाईट वाटतं पण रात्री दुकान बंद केल्यावर मी हाच हिशोब करत बसतो. कंप्युटर केलं तर सोलापुरातच कॉलेज आहे, उद्या घरून काम करता येतंय, सासरी पण चालतंय. यात मी काय चुकतोय ते सांगा, शिव्या नका देऊ.

कोयनाकाठ

अण्णा, शिव्या कोणी देणार नाही, उलट तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, नाहीतर इथे सगळे पुरोगामीच असतात.

एकच विचारते. "सासरी पण चालतंय" हे जे आहे, ते सासर अजून ठरलंय का? नाही ना? मग जे घर अजून अस्तित्वातच नाही त्यांच्या पसंतीची ब्रांच आत्ता का घ्यायची? आणि कॉम्प्युटर म्हणजे घरून काम हे २०२० नंतर डोक्यात बसलंय, आता कंपन्या पुन्हा ऑफिसला बोलावतायत. इलेक्ट्रिकल डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना महावितरण, महापारेषण, रेल्वे ह्यांच्या सरकारी भरत्या असतात आणि राज्याच्या भरतीत ३० टक्के महिलांना. सोलापूर जिल्ह्यात सबस्टेशनं कमी आहेत का? खर्चाचं म्हणताय ते मात्र बरोबर आहे, त्यावर वेगळं लिहीन.

नागपुरी_ब्रदर

मॅडम तुम्ही नर्सिंगचं नाव घेतलं म्हणून लिहून राहिलो. मी बीएस्सी नर्सिंग, नागपूरला आयसीयूत आहे.

बारावीला नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क नाही आले, बीएएमएस प्रायव्हेटचे पैसे नव्हते, म्हणून नर्सिंग घेतो म्हटलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मग आजीनं विचारलं, "बेडपॅन धुशीन का रे बाप्पा?" मी म्हटलं हो. वर्गात पोरं बोटावर मोजण्याइतकी. ओबीजीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या पोस्टिंगला वॉर्डात गेलो की बाया पदर सावरत, सिस्टर म्हणे भाऊ तू बाहेर थांब, आणि परीक्षेत मात्र तितक्याच डिलिव्हरी लिहून दाखवा. शिकायचं कसं मग? स्नेहल ताईंना मशीनपासून दूर ठेवलं ना, मला पेशंटपासून ठेवलं.

आणि सरकारचंही बघा. एम्समध्ये २०१९ पासून नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा बायांना, २० टक्के पुरुषांना. पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजचं बीएस्सी नर्सिंग फक्त मुलींना, मिलिटरी नर्सिंगची जाहिरातही मुलींसाठीच. तुम्ही वर लिहिलं की पोरांना आर्मी पायजे, मला पण पायजे होती, पण ज्या दारातून मला जाता येत होतं तिथं पाटी लेडीजची.

पण एक खरं सांगतो. आयसीयूत शंभर किलोचा पेशंट कूस बदलायचा असला, दारुडा नातेवाईक राडा करून राहिला असला, का सगळ्या सिस्टर म्हणतेत ब्रदरला बोलवा. तेव्हा कोणी विचारत नाही पुरुष नर्स कशाला म्हणून. लग्नाच्या बायोडाट्यात मात्र काकांनी "मेडिकल लाईन" लिहिलं होतं. मुलीकडचे डॉक्टर समजून आले 😀

बोरकूट

मेडिकल लाईन 😂😂 मग झालं का लग्न?

नागपुरी_ब्रदर

झालं ना. त्यांच्याशी नाही, आमच्याच वॉर्डातल्या सिस्टरशी.

अर्धवट_बीए

मी एफवायबीए, वय १९, इथे सगळ्यात लहान असेन. दहावीला ९१ टक्के होते आणि आर्ट्स घेतलं. ताईने आर्ट्स घेतलं तेव्हा घरात पेढे वाटले, "मुलीला बरंय, एमपीएससी करेल नाहीतर बीएड". मी घेतलं तर मावशीने आईला बाजूला घेऊन विचारलं की कोणाच्या नादाला लागलाय का. एकच शाखा, एकच घर.

मला हिस्ट्री आवडतं, म्हणजे खरंच आवडतं, मोडी शिकतोय. पण कोणी विचारलं की मी सांगतो यूपीएससीसाठी आर्ट्स घेतलंय. यूपीएससी म्हटलं की सगळे गप्प. मला यूपीएससी करायची नाहीये. मुलाला आर्ट्स घ्यायचं तर खाली कलेक्टरचा शिक्का लागतो, मुलीला तो लागत नाही कारण तिच्या पगारावर घर चालेल असं कोणी धरलेलंच नसतं. म्हणजे ताईला जी मोकळीक मिळाली ती तिला कमी लेखूनच मिळाली की. मला कळत नाही ह्यात जास्त वाईट कोणाचं झालं.

आमच्या वर्गातली निम्मी पोरं भरतीवाली आहेत. पहाटे पाचला बायपासला पळतात, १६०० मीटर, गोळा, मग दिवसभर झोपा. त्यांना कोणी "काय करतोस" विचारत नाही, "तयारी करतोय" एवढं पुरतं. असं चार-पाच वर्षं पुरतं.

चिंगी_जोगेश्वरी

अर्धवट, तू फार नीट लिहिलंस रे.

मी शाळेत समुपदेशक आहे, मुंबईत. कोयनाकाठ म्हणतायत की डोक्याबद्दलचा गैरसमज उरला नाही, तिथे माझं जुळत नाही. आईबापांच्या तोंडी तो नसेल, पोरांच्या आत बसलेला असतो आणि फार लहानपणी बसतो. १९८३ साली चेंबर्स नावाच्या माणसाने एक अभ्यास छापला होता, पोरांना सांगायचं शास्त्रज्ञाचं चित्र काढा. ४,८०७ पोरांत २८ जणांनी बाई काढली आणि ती सगळ्या मुलींनीच, एकाही मुलाने नाही. नंतर अमेरिकेतल्या अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये आला, तर बाई काढणारी पोरं २८ टक्क्यांपर्यंत गेली होती, म्हणजे बदल होतो, पण वर्ग वाढत जातो तशा बाया पुन्हा कमी होत जातात हेही त्यात होतं. २०१७ चा अजून एक आहे, पाच वर्षांच्या मुली "खूप खूप हुशार" म्हटल्यावर बाईकडे बोट दाखवतात आणि सहा-सात वर्षांच्या झाल्या की ते कमी होतं. पहिली-दुसरीचं वय आहे हे!

मी आमच्याकडे पाचवीच्या पोरांना "इस्रोतला माणूस" काढायला दिलं. मंगळयानाच्या वेळचा साड्या नेसलेल्या, केसात गजरा माळलेल्या बायकांचा फोटो अख्ख्या देशाने फॉरवर्ड केला होता ना, तरी वर्गात टाय, चष्मा, टक्कल. एका मुलीने बाई काढली होती, हातात ट्रे. मी विचारलं ट्रेमध्ये काय आहे, म्हणाली चहा, सायंटिस्टसाठी.

कोयनाकाठ

चिंगी, पटलं नाही असं नाही, पण बघ, माझ्यापुढे सतरा-अठराची मुलगी बसलेली असते, फिजिक्समध्ये ९०च्या वर, तिला विचारलं की तुला जमणार नाही वाटतं का, ती सरळ नाही म्हणते. तिला जमेल हे तिला माहितीये. जमून उपयोग काय, घरचे पाठवणार नाहीत, हे पण माहितीये. मग ती आधीच आवडच बदलून घेते, म्हणजे पुढे भांडण नको. ह्याला आतला समज म्हणायचं की व्यवहार?

चिंगी_जोगेश्वरी

दोन्ही म्हण. मला त्या चहाच्या ट्रेचं जास्त टेन्शन आहे, तुला किलोमीटरचं.

मायनिंग_चंद्रपूर

कोळसा खाणीतून बोलतोय. १९५२ च्या माईन्स ऍक्टमध्ये बाईला जमिनीखाली कामाला न्यायला सरळ बंदी होती, २०१९ ला टेक्निकल आणि सुपरवायझरी कामासाठी ती सैल केली, तीही लेखी संमती घेऊन आणि दिवसाच्या वेळेत. आता विचार करा, नागपूर-चंद्रपूरला मायनिंग इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, पण मुलीने डिग्री घेऊन करायचं काय होतं तोवर? खाणीखालचा अनुभव नाही तर मॅनेजरचं सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही तर बढती नाही. "मुली मायनिंगला येत नाहीत" असं आमचे सर वर्गात हसत सांगायचे, कायदा कोणी सांगितला नाही. आता येतायत, थोड्या आहेत, पण हेल्मेट घालून खाली उतरतात आणि खाण काही बंद पडलेली नाही. आमच्या जुन्या लोकांत बाई उतरली तर अपशकुन म्हणायचे.

पेशवाई_मिसळ

सगळ्या जागा मुलींना देऊन टाका, आयआयटीत पण २० टक्के वेगळ्या, मुलांनी काय घास कापायचा? मेरिट गेलं खड्ड्यात.

स्नेहल_पी

आयआयटीच्या त्या जागा सुपरन्यूमररी आहेत, म्हणजे जास्तीच्या. २०१८ पासून वाढवत नेल्या, मुलांची एकही कमी केली नाही. त्याआधी मुली ८ टक्क्यांच्या आसपास होत्या. आणि त्याही जेईई ऍडव्हान्स पास होऊनच येतात, लॉटरीने नाही. घास कापायचाच असेल तर ऍग्रीला या, तिथे पण मुली आहेत.

ऍडमिन

आरक्षणावरची पुढची चर्चा दुसऱ्या धाग्यावर न्यावी. इथले चार प्रतिसाद उडवले आहेत.

वायरवाली

मी सहसा रोमात (नुसती वाचत) असते. आयटीआय इलेक्ट्रिशियन, सेकंड इयर, सातारा जिल्हा. वरचे सगळे इंजिनिअरिंगचं बोलतायत, आमचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते.

आयटीआयला पण मुलींच्या जागा असतात, पण ऍडमिशनच्या टेबलावरच विचारतात, "कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) का ड्रेसमेकिंग?" म्हणजे दोनच रंगाच्या साड्या. मी इलेक्ट्रिशियन म्हटलं तर टेबलावरचे सर म्हणाले "बघ हं, पोलवर चढावं लागेल". मी म्हटलं नारळावर चढते. सगळे हसले पण दिलं.

घरी फार कोणी अडवलं नाही कारण वडील नाहीत आणि आईला वेळ नाही. हे वाईट वाटेल पण खरंय, लक्ष ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मला पाहिजे ते मिळालं. माझी मैत्रीण, तिचे वडील फार प्रेमळ, रोज सोडायला-आणायला यायचे, तिला ड्रेसमेकिंग.

प्रॅक्टिकलला सुरुवातीला पोरं म्हणायची तू रीडिंग घे, आम्ही कनेक्शन करतो. मी रीडिंग घ्यायची वही त्यांच्या हातात दिली. आता मोटर रिवाइंडिंग मला वर्गात सगळ्यात चांगलं येतं, कारण आईबरोबर मी लहानपणापासून लोकर विणलेय आणि स्लॉटमध्ये तार बसवणं हाताचंच काम आहे, दाबून भरली तर इन्सुलेशन सोलतं, सैल ठेवली तर कॉइल बसत नाही. सुट्टीत गावात वायरिंगची कामं घेते. दार उघडल्यावर काकू माझ्या मागे बघतात, मिस्त्री कुठाय? मी सांगते मीच. मग त्या पूर्ण वेळ तिथेच उभ्या राहतात, आधी शंका म्हणून आणि नंतर गप्पा मारायला. आता तर काही बायका मलाच बोलावतात, घरात एकट्या असल्या की अनोळखी माणूस आत घ्यायला नको वाटतं त्यांना. पैसे मात्र पोरांपेक्षा कमी द्यायला बघतात. पूर्ण पैसे देत नाहीत तोवर मी मेन स्विच चालू करत नाही 😄

अण्णा_सोलापूर

वायरवाली, तुझा प्रतिसाद आमच्या मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, हिला विचारा कुठलं पुस्तक वापरते. तिची आई म्हणाली नारळावर कशाला चढती पोरगी.

पाषाणकर

एनडीएचं कोणीच लिहिलं नाही? आम्ही इथे खडकवासल्याच्या जवळच राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना परीक्षेला बसू द्या म्हणून अंतरिम आदेश दिला, २०२२ ला पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली पास आऊट झाल्या. माझ्या भाचीने लगेच क्लास लावला. त्याआधी ती कायम एअर होस्टेस म्हणायची, आणि मला वाटायचं तिला विमान आवडतं एवढंच. तिला विमान चालवायचं होतं की काय कोण जाणे. तिच्या भावाला मात्र त्याच्या बाबांनी सहावीपासून एनडीएच्या नावाने पळवलंय आणि त्याला बेकरी काढायचीय. चांगले पाव करतो कार्टा. घरात त्यावर बोलणं बंद आहे.

अर्धवट_बीए

पाषाणकर काका, त्याला सांगा एनडीएचीच तयारी करतोय असं सगळ्यांना सांग आणि पाव कर.

कोयनाकाठ

अरे देवा. माझ्या धाग्यातून हाच सल्ला निघायचा होता.

अण्णा, खर्चाचं लिहिते म्हटलं होतं. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक कोर्सच्या मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी निम्मी होती. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुली, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि ऍडमिशन कॅपमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. पण नीट ऐका, यात हॉस्टेल आणि मेस येत नाही. म्हणजे सरकारने कॉलेजची फी उचलली आणि मुलींचं ज्यावर अडतं तो खर्च तुमच्याकडेच राहिला. वसतिगृहासाठी आणि निर्वाह भत्त्यासाठी वेगळ्या योजना आहेत, त्या प्रवर्गाप्रमाणे बदलतात, मला प्रवर्ग व्यनि (खाजगी निरोप) करा, मी बघून सांगते. सरकारी कॉलेजच्या हॉस्टेलची फी पीजीच्या मानाने फारच कमी असते, म्हणून यादीत सरकारी कॉलेजं वर टाका, तिथे इलेक्ट्रिकलचा कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा खाली असतो, तिला मिळायची शक्यता जास्त.

अण्णा_सोलापूर

ओबीसी आहे. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा आहे, चालतोय का? आणि मुलीनं काल यादी केली, वर तीन इलेक्ट्रिकल आहेत, त्यातलं एक सांगलीचं. चौथं सोलापूरचं कंप्युटर, ते मी टाकायला लावलं. आईचं म्हणणं सांगली चालंल, तिची बहीण तिथं असती. पुणं अजून दोघांना पटलेलं नाही.

कोयनाकाठ

गेल्या वर्षीचा चालणार नाही, नवीन काढा. नॉन-क्रिमीलेअर पण चालू वर्षाचं लागेल आणि कास्ट व्हॅलिडिटी अजून नसेल तर आजच अर्ज टाका, त्यालाच सगळ्यात वेळ लागतो. निकालानंतर सेतूत जायचं ठरवलंत तर दुकान बंद ठेवून रांगेत उभं राहावं लागेल. आणि सांगलीचं आहे ते कुठल्या नंबरला टाकलंय? मावशी आहे म्हणून पहिलं टाकलं असेल तर तिला एकदा विचारा, तिचं पहिलं कुठलं होतं.